चौथं प्रकरण

निवृत्तीला चार महिने उरले होते आणि मला इंग्लंडचा कंटाळा आला होता. कधीही न पाहिलेल्या देशाचा असा कंटाळा येऊ शकतो, हे ज्यानं तीस वर्षं तो देश जामखेड, कर्जत, पारनेरहून नगरच्या कॉलेजात आलेल्या पोरांना शिकवलाय त्यालाच कळेल. वर पत्रा तापलेला, पंखा नुसतं फिरल्याचं नाटक करतोय, आणि मी सांगतेय की लंडनच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं की नायिकेला समोरचा दिवा दिसेना. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, आमच्याकडं धुरळा आसतो, तसं का?" म्हटलं, हो बाबा, तसंच. पुढं वर्षानुवर्षं मी धुरळ्याचंच उदाहरण देत आले.

माझा विषय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांतली इंग्रजी कादंबरी, आणि तिच्या जोडीला साहित्याचा सिद्धान्त. म्हणजे लिहिलेल्याचा अर्थ कोण ठरवतो, लिहिणारा की वाचणारा, आणि वाक्य नक्की कुणाचं असतं, असल्या गोष्टी. माझे वडील भिंगारला लष्कराच्या डेपोत कामाला होते. ते वस्तीत सांगायचे, "आमची माधुरी मेलेल्या गोऱ्या बायांवर संशोधन करते." आणि मोठ्या अभिमानानं सांगायचे. इतक्या नेमक्या शब्दांत माझा विषय पुढं कुठल्याही मुलाखत समितीला सांगता आला नाही.

त्या मेलेल्या गोऱ्या बाईचं नाव एडिथ क्रॉम्बी. तुम्ही ऐकलं नसेल. तिकडंही कुणी ऐकलेलं नाही. नगरच्या एका जुन्या मिशनच्या ग्रंथालयानं रद्दीत काढलेल्या ढिगात मला तिची कादंबरी सापडली. तीन खंड, कडा वाळवीनं खाल्लेल्या. गोष्ट साधी आहे. मार्था नावाची मुलगी एका पंडिताचं हस्तलिखित नकलून देण्याची नोकरी करते. पंडित आजारी पडतो, आणि हळूहळू वाक्यं तीच रचायला लागते. पंडित मरतो. मार्था ग्रंथ पुरा करते आणि त्याच्याच नावानं छापायला देते. छापून आलेल्या पुस्तकावर त्याचं नाव बघते आणि हसते. तिथं कादंबरी संपते.

त्या एका हसण्यावर माझी पीएच.डी. उभी आहे, माझं एकुलतं एक पुस्तक उभं आहे आणि खरं सांगायचं तर मीही उभी आहे. माझं म्हणणं असं की मार्था जिंकली. नाव म्हणजे नुसतं लेबल. मजकूर तिचा, हे तिला एकटीला ठाऊक आहे आणि त्या ठाऊक असण्यातच तिचा विजय आहे. हे मी परिसंवादांत सांगितलं, वर्गांत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. कुणी कधी भांडलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, आपलं म्हणणं इतकं पटतंय. मग कळलं, क्रॉम्बीबाई कुणी वाचलेलीच नाही, तर भांडणार कशावर?

वाचणारा एकच निघाला, रमीज तांबोळी. मिरजगावचा. वडील नबीलाल यांचं हायवेला पंक्चरचं दुकान. पोरगा हुशार, कष्टाळू आणि नको तितका नम्र. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचा, म्हणजे शिकवायचं सगळं आणि नोकरी मात्र नाही. माझ्याकडं त्यानं क्रॉम्बीवरच पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. मी मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर त्याला नवा गाईड शोधावा लागणार, आणि आमच्या भागात ह्या विषयाचा दुसरा गाईड शोधायचा म्हणजे भर उन्हाळ्यात सीना नदीत पोहायला जाण्यासारखं. तसं झालं तर त्याची सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

मार्चअखेरीस त्यानं प्रबंध आणून दिला. नियमाप्रमाणं तो आधी साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेला. आमच्या ग्रंथपाल ज्ञानेश्वरी मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि कुणाच्या घरी अघटित घडल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. ह्याचं एक्केचाळीस आलंय. आणि सगळं एकाच पुस्तकातलं."

"कुठलं?"

"तुमचंच."

मी पानं चाळली. खरंच, पानंच्या पानं लाल झाली होती. माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम, तरुणपणी मला फार आवडायचा तो एक जड शब्दसुद्धा. अवतरणचिन्हं कुठंच नाहीत. रमीजला बोलावलं तर तो खरोखर चकित झाला.

"मॅडम, दुसऱ्या कुणाचं उचललं असतं तर चोरी. तुमचं पुस्तक मला पाठ हाय. लिहाय बसलं की तीच वाक्यं येतात. आन् ती बदलायची कशी? बेअदबी वाटती."

"अरे, पण ती माझी वाक्यं आहेत."

"तुमीच शिकवलंय की. वाक्य कुणाच्या मालकीचं नसतं."

मला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना. इतकी वर्षं मी जो सिद्धान्त शिकवला तो एकाच माणसानं मनापासून मानला होता, आणि तो माणूस आता त्यापायीच बुडायला निघाला होता.

चार दिवसांनी तो सुधारलेला प्रबंध घेऊन आला. दिल्लीगेटजवळच्या एका टायपिंगवाल्यानं म्हणे कॉम्प्युटरवर टाकून सगळे शब्द बदलून दिले होते. आता टक्केवारी उत्तम होती. फक्त मार्थाच्या मौनाचं इंग्रजीत 'आवाज नसलेली अवस्था' झालं होतं, आणि पंडिताच्या शेवटच्या आजाराचं 'अंतिम बिघाड'. पंडित नसून टेम्पो असावा तसा. मी तो गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "रविवारी घरी ये. कागद आणू नकोस."

तो सावेडीला माझ्या घरी आला तेव्हा दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. वीज गेलेली. मी व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या. माझा गुडघा ठणकत होता आणि मला कुणालाही काहीही शिकवायची इच्छा उरली नव्हती.

"बोल," म्हटलं. "मार्था शेवटी का हसते?"

त्यानं सुरुवात केली. माझंच पुस्तक, पान पंच्याण्णव.

"माझं मला ऐकवू नकोस रे! तीस वर्षं ऐकतेय मी ते. विटलेय. तुला काय वाटतं ते सांग. मिरजगावच्या भाषेत सांग, पण तुझं सांग."

 तो चपलेचा अंगठा चाचपत बसला. मग म्हणाला, "मॅडम, राग येणार नसंल तर..."

"येऊ दे की आला तर."

"ती जिंकली न्हाई मॅडम. ती हारली."

मी खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"म्हंजी बघा, मी आमच्या कॉलेजात तीन वर्षं बारावी शिकवतोय. पेपर मी काढतो, तपासतो मी. निकाल चांगला लागला की सत्कार होतो कायम नोकरीवाल्या सरांचा. मी पाठीमागं हुबा राहून टाळ्या वाजवतो. आन् मॅडम, मी हासतो. सगळे बघत आसतात तर काय करनार, रडनार? मला ठावं हाय की काम माझं हाय. त्या ठावं आसन्याचं मी काय करू? मार्था तसंच हासली. तिला दुसरं काय करता येत न्हवतं म्हनून हासली."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. मी उठून आत गेले, गॅसवर चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत ओट्याशी उभी राहिले. माझ्या अख्ख्या आयुष्याला हा पोरगा एका दुपारी 'न्हाई' म्हणाला होता. बाहेर येऊन मी त्याच्यावर तुटून पडले. पहिल्या खंडातला दाखला दिला, मोठमोठे सिद्धान्त फेकले. त्याला धड उत्तरं देता येत नव्हती. पण तो हलला नाही. दर वेळी मान खाली घालून म्हणायचा, "ते बरोबर हाय मॅडम, पन ती हारली."

"हे तुला कधीपासून वाटतं?"

"पयल्यांदा वाचलं तवापासनं."

"आणि सहा वर्षं बोलला नाहीस?"

"तुमाला कसं बोलायचं?"

तो गेल्यावर मी कादंबरीचा तिसरा खंड काढून शेवट पुन्हा वाचला. आणि मला पहिल्यांदाच मार्थाच्या त्या हसण्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करून एवढंच म्हटलं, "तेच लिही. शेवटावरच्या चौथ्या प्रकरणात."

त्यानं लिहिलं, आणि बाकीच्या प्रकरणांतली माझी वाक्यं काढून तीही नव्यानं लिहिली. एप्रिल-मे सगळा त्यातच गेला. इंग्रजी अडखळत होतं, पण त्याचं होतं. एक गोष्ट मात्र तो करेना. माझं मत खोडताना तो लिहायचा, 'काही अभ्यासकांच्या मते'. मी म्हटलं, काही अभ्यासक कोण? अख्ख्या जगात मी एकटी आहे. माझं नाव घाल, आणि हे मत टिकत नाही असं लिही. त्यानं नाव घातलं, पण 'टिकत नाही'च्या जागी 'पुनर्विचार व्हावा' असं घातलं. त्यावर आमची तडजोड झाली. हे संशोधन उमेदवाराचं स्वतःचं आहे, या प्रमाणपत्रावर मी सही केली. तशा सह्या मी पूर्वीही केल्या होत्या, पण ही करताना हाताला बरं वाटलं.

मग मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, माझं 'भिंगारदिवे' आडनाव चुकीचं छापलेला फ्लेक्स, सगळं यथासांग पार पडलं.

डिसेंबरात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, लागली. आमच्याकडची व्हायवा म्हणजे निम्मं लग्नच. उमेदवार पाहुण्यांना बोलावतो, जेवणाची पंगत ठरवतो. प्रबंधावर चर्चा होते ती बाहेरून आलेल्या परीक्षकांशी. मग श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे, आणि ते प्रश्न उमेदवारानंच आदल्या दिवशी मित्रांना वाटून ठेवलेले असतात. मित्र उठतो, चिठ्ठीतला प्रश्न वाचतो, उमेदवार पाठ केलेलं उत्तर देतो. गाईडनं समोर शोभेला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा रिवाज आहे. निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

मी गेले. रमीज नव्या शर्टात घामानं भिजला होता. पुढच्या महिन्यात त्याची एका कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत होती, आणि तोवर डिग्रीचं पत्र हातात हवं होतं. दुसऱ्या रांगेत त्याची आई सरवरी बसली होती. मला बघून उठली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाई, समदं तुमच्यामुळं. पोरगं घरात बी तुमचंच नाव घेतंय."

परीक्षक होते डॉ. गहिनीनाथ आव्हाड. मूळचे पाथर्डीचे, बोलायला मऊ आणि वाचायला कडक. त्यांनी प्रबंध खरंच वाचला होता. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी पान उघडलं.

"तांबोळी, चौथ्या प्रकरणात तुम्ही चक्क तुमच्या गाईडशी असहमत आहात. मला ते प्रकरण सगळ्यात नवं वाटलं. आज इथं त्याची बाजू मांडा."

रमीजनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बोल. त्यानं प्राचार्यांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाला, "सर, मॅडमचंच बरोबर आहे. मी लिहिताना जरा... घाई झाली."

सभागृहात हसू पसरलं, कौतुकाचं. प्राचार्य माइकशिवायच म्हणाले, "ह्याला म्हणतात संस्कार!" टाळ्या पडल्या. सरवरीनं पदर डोळ्यांना लावला.

आव्हाड मात्र हसले नाहीत. "असं असेल तर हे प्रकरण मागं घ्यावं लागेल," ते म्हणाले. "स्वतःच्याच निष्कर्षाची बाजू उमेदवार मांडत नसेल तर मी तो मान्य कसा करू? दुरुस्त करून पुन्हा सादर करा. सहा महिन्यांची मुदत देतो."

टाळ्या थांबल्या. रमीजचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "देतो सर."

देतो सर! त्या दोन शब्दांनी मी जितकी थकले तितकी तीस वर्षांच्या धुक्यानं थकले नव्हते. पोरगा माझ्या मानासाठी येणाऱ्या नोकरीवर पाणी सोडायला तयार होता, आणि असला मान मला नको होता. मला आयुष्यभर एक वाचक हवा होता, आणि मिळाला होता तो नमस्कार.

संयोजकांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?" रमीजचा मित्र उठला, चिठ्ठीतला प्रश्न वाचून बसला. कुणाचं लक्ष नव्हतं. मागं पंगतीची भांडी वाजायला लागली होती.

मी खुर्चीवरून उठले. गुडघा धरत धरत मधल्या वाटेनं चालत गेले आणि शेवटच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर बसले. मग हात वर केला.

"मला विचारायचंय."

संयोजक गोंधळले. "मॅडम, गाईडनं तसं... म्हणजे नियमात..."

"गाईडची खुर्ची तिकडं रिकामी आहे. मी निवृत्त बाई आहे, श्रोत्यांत बसलेय. विचारू ना?"

आव्हाड म्हणाले, "विचारा."

मी रमीजकडं बघत उभी राहिले. "क्रॉम्बीवर नगरच्या कुणी भिंगारदिवे बाईंनी एक पुस्तक लिहिलंय. मी ते खूपदा वाचलंय. त्या म्हणतात, मार्था जिंकली. गेल्या एप्रिलपासून मला वाटायला लागलंय की त्या बाईंचं चुकलं. फार वर्षं चुकलं. हे कुणाला सांगायचं ते कळत नाही. ही कादंबरी वाचलेले ह्या सभागृहात तुम्हीच एक आहात, म्हणून तुम्हाला विचारते. चुकलं ना त्यांचं?"

सगळी माणसं मागं वळून बघत होती. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. सरवरीला काय चाललंय ते कळत नसावं, पण ती मुलाकडं टक लावून बघत होती. रमीजनं परत प्राचार्यांकडं पाहिलं.

"तांबोळी," मी म्हटलं, "मी दमलेय रे. खोटं उत्तर ऐकायला उभी नाही राहिले."

मला आठवतं, तेव्हा त्यानं पोडियमची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "तुमचं चुकलंय."

एवढं बोलून तो थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही. मार्था, सत्काराच्या वेळी मागं उभं राहणारे, हसणारे लोक, नाव आणि काम यांतलं अंतर, सगळं तो बोलत गेला. कधी इंग्रजीत, कधी मराठीत, मधेच मिरजगावचं. आव्हाडांनी दोनदा अडवलं, दोन्ही वेळा तो भांडला. तिसऱ्यांदा आव्हाडांनी पेनाला टोपण लावलं आणि ते नुसतं ऐकत राहिले.

मी खाली बसले. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. माझं पुस्तक आता माझ्यासाठीही जुनं झालं होतं. सवयीनं मी त्याच्या बोलण्यात माझी वाक्यं शोधत होते. शेवटपर्यंत शोधली. त्यात एकही माझं नव्हतं.